तुम्ही विचारलंत म्हणून : एकट्यानं विणायला शिकताना पहिलं काय विणू?

दिवाळी सरली आणि रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या कानांवर मफलर दिसू लागले, की हा प्रश्न हमखास येतो. "घरात शिकवायला कुणी नाही, व्हिडिओ बघून विणायला शिकतेय. आधी साधा मफलरच घेऊ ना?" थोड्या दिवसांनी त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. "वीस टाके घातले होते, ते सव्वीस कसे झाले?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आई, मावशी नाहीतर शेजारच्या काकू शिकवायच्या तेव्हा त्यांचं लक्ष तुमच्या हातातल्या विणीकडे असायचं. "अगं, लोकर पुढं राहिलीय बघ," असं त्या स्वयंपाक करता करता सांगायच्या. व्हिडिओतल्या बाईंना तुमची वीण दिसत नाही. त्यामुळे एकट्यानं शिकणाऱ्याला विणण्याबरोबरच विणलेलं वाचायलाही शिकावं लागतं. पहिली वस्तू अशी निवडायची की ज्यात हे वाचणं लवकर जमेल.

म्हणून मफलर नको. पाच फुटांचा मफलर नुसत्या सुलट टाक्यांनी (लोकर मागं ठेवून विणायचा साधा टाका) विणला तरी सहाशेच्या वर ओळी होतात. नवा हात पहिल्या फुटाला घट्ट असतो, पुढं सैल पडत जातो, आणि मफलर एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद होतो. शिवाय इतक्या ओळींत शिकायला नवं काही नसतं. बहुतेक अर्धवट मफलर याच कंटाळ्यानं पिशवीत पडून राहतात. त्याऐवजी आधी तीन छोटे चौकोन विणा आणि मग बाळाचं टोपडं घ्या. कोल्हापुरात थंडी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपुरतीच असते, जाड स्वेटर वर्षातले मोजके दिवस अंगावर येतो. टोपडं मात्र कुणाच्या ना कुणाच्या बाळंतविड्यात लागतंच, आणि पावसाळ्यातही वापरलं जातं.

सामान थोडंच लागतं. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत 'लोकर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा ॲक्रिलिकच हातात येतं. शिकायला ते उत्तम आहे, स्वस्त असतं आणि उसवून पुन्हा विणलं तरी टिकतं. खरी लोकर आहे की ॲक्रिलिक, हे ओळखायचं तर एक छोटा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटानं चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. रंग फिका, एकसारखा घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या रंगात टाका दिसतच नाही, आणि केसाळ लोकरीत चूक उसवता येत नाही. चार प्लायची (चार पदरी) ५० ग्रॅम लोकर चौकोनांना आणि ५० ग्रॅम टोपड्याला, एवढी पुरून उरते. जास्त घेणार असाल तर लेबलवरचा लॉट नंबर सगळ्या गोळ्यांवर एकच आहे ना, तेवढं बघा. दोन लॉटमधला रंगाचा फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात कळतो.

सुयांच्या नंबरात बरेच जण फसतात. आपल्याकडं नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते. अमेरिकन पद्धतीत हेच उलटं आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. व्हिडिओत 'साइज ८' ऐकून तुम्ही इथली ८ नंबर घेतली, की वस्तू लहान होणार. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. सुरुवातीला ४ मिलिमीटरच्या, दहा इंची ॲल्युमिनियमच्या सुया घ्या. सोबत एक क्रोशाची सुई आणि एक मोठ्या नेढ्याची बोथट सुई असू द्या. लोकरीची लडी असेल तर गोळा सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात वस्तू आखडते.

सुईवर पहिले टाके घालताना अंगठ्यावरून घालायची पद्धत घ्या, तिची कड लवचिक राहते. सुरुवातीचं शेपूट, म्हणजे लोकरीचं मोकळं टोक, रुंदीच्या तिप्पट आणि वर वीतभर सोडायचं. कमी पडलं तर शेवटच्या चार टाक्यांशी येऊन सगळं पुन्हा करावं लागतं. कड घट्ट होत असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. टाके सैल घाला, असं नुसतं सांगून नव्या हाताला ते जमत नाही. दोन सुयांनी आपोआप जमतं.

पहिला चौकोन २० टाक्यांचा, सगळ्या ओळी सुलट. दुसरा ३० टाक्यांचा, एक ओळ सुलट, एक ओळ उलट (उलट टाका लोकर पुढं ठेवून विणायचा). तिसरा २२ टाक्यांचा, दोन सुलट-दोन उलटचा. दुसऱ्या चौकोनाला टाके जास्त आहेत, कारण त्यावरून पुढं मोजमाप घ्यायचं आहे.

आता ते सव्वीस टाके. पहिलं कारण कडेला असतं. ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागं ओढली, की पहिला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. सुलट ओळ सुरू करायच्या आधी लोकर खाली ओढा, पहिला टाका एकच दिसतोय याची खात्री करा आणि लोकर सुईच्या खालून मागं न्या. दुसरं कारण मधल्या भागात असतं. उलट टाक्यानंतर सुलट घेताना लोकर मागं न्यायची राहिली, की सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तिथं भोक दिसतं. हे लगेच लक्षात आलं तर तो वेढा सुईवरून नुसता सोडून द्या, काही बिघडत नाही. टाके वाढले आणि विणीत कुठंच भोक नसेल, तर चूक कडेचीच आहे असं समजा.

ओळीच्या मध्येच दारावरची बेल वाजते. परत आल्यावर कुठल्या दिशेनं विणत होतो ते आठवत नाही आणि तिथून उलट फिरलं की मोठं भोक पडतं. गोळ्याकडून येणारी लोकर ज्या सुईच्या टोकाशी आहे ती सुई उजव्या हातात धरायची, एवढंच बघा.

टाका सुटला तर घाबरून सुया ओढू नका. ॲक्रिलिकचा टाका ओढाताण केली नाही तर फारसा पळत नाही. सुलट बाजू आपल्याकडं ठेवा. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घाला, सगळ्यांत खालची पायरी आकड्यात पकडा आणि टाक्यातून पुढं ओढा. मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. वर पोचलात की टाका डाव्या सुईवर ठेवा, त्याचा उजवा पाय पुढं येईल असा. पायरी वगळली तर विणीत आडवा सैल धागा उरतो, तो मागून सहज दिसतो. हे एकदा मुद्दाम करून बघा. दुसऱ्या चौकोनात मधला एक टाका सोडा, चार ओळी खाली पळू द्या आणि वर आणा. सुटलेल्या टाक्याची भीती गेली की निम्मी उसवाउसव थांबते.

उजवा पाय म्हणजे काय, हे सांगायलाच हवं, कारण 'माझी वीण व्हिडिओसारखी सपाट का दिसत नाही' याचं उत्तर बहुधा तिथं असतं. सुईवरच्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढं आणि एक मागं. डाव्या सुईवर नीट बसलेल्या टाक्याचा उजवा पाय पुढं असतो. उलट टाका विणताना लोकर सुईच्या टोकाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं घेतली तर टाका असा बसतो. सोपं जातं म्हणून लोकर खालून उचलली, तर टाका फिरून बसतो आणि उजवा पाय मागं जातो. पुढच्या ओळीत तो नेहमीप्रमाणे पुढच्या पायातून विणला की दोन्ही पाय एकमेकांवर फुली मारतात. वीण घट्ट, कडक होते आणि कधी कधी चौकोन तिरका होतो. खालून उचलायची सवय वाईट नाही, काही जणी आयुष्यभर तशाच आणि सुंदर विणतात. त्या सुलट ओळीत मागच्या पायातून विणतात, म्हणून फुली पडत नाही. नियम एकच ठेवा : जो पाय सुईच्या टोकाजवळ आहे त्यातून विणायचं, मग तो पुढं असो की मागं.

दुसरा चौकोन कडेनं गुंडाळला जाईल. ती चूक नाही. एक ओळ सुलट-एक ओळ उलट या विणीत सगळे सुलट टाके एका बाजूला येतात आणि सगळे उलट टाके दुसऱ्या बाजूला, म्हणून वरची-खालची कड पुढं वळते आणि दोन्ही बाजू मागं वळतात. इस्त्रीनं ते जात नाही. उलट गरम इस्त्री ॲक्रिलिकवर टेकली की वीण लुळी पडते, चकाकते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. उपाय म्हणजे चारी कडांना नुसत्या सुलट टाक्यांची किंवा दोन सुलट-दोन उलटची बॉर्डर.

याच चौकोनावर, ताण न देता, मधल्या भागात पट्टी ठेवून चार इंचांत किती टाके बसतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका. हा मोजमापाचा चौकोन टाळायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून हिशेबच सांगते. एखाद्या नमुन्यात चार इंचांना २२ टाके सांगितलेत, म्हणजे इंचाला साडेपाच. ३६ इंची स्वेटरला १९८ टाके झाले. तुमचा हात जरा घट्ट, चार इंचांत २४ येतात, म्हणजे इंचाला ६. त्याच १९८ टाक्यांचा स्वेटर ३३ इंचांचा होतो. चौकोनात दोन टाक्यांचा फरक, अंगात तीन इंचांचा. टाके जास्त बसत असतील तर जाड सुई घ्या, कमी बसत असतील तर बारीक. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायला जाऊ नका, चार ओळींनंतर हात आपल्या मूळ चालीवर येतो.

आता टोपडं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १३ ते १४ इंच असतो. वीण ताणली जाते म्हणून टोपडं १२ इंचांचं पुरतं. इंचाला ६ टाके बसत असतील तर ७२, आणि शिवणीत जायला दोन्ही कडांना एकेक, असे ७४ टाके घाला. दोन सुलट-दोन उलट करत ओळ दोन सुलटनं संपेल. उलट बाजूनं दिसतो तसा टाका विणत जा. शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो, एका बाजूला एक सुलट उरतो, दुसऱ्या बाजूला एक, आणि जोडावर बरोबर दोन सुलट येतात. बॉर्डरच्या दहा ओळी झाल्या की एक ओळ सुलट-एक ओळ उलट, कडेपासून एकूण चार इंच होईपर्यंत. शेवटची ओळ उलट असू द्या.

मग घट, म्हणजे टाके कमी करणं. एक कडेचा टाका सुलट, नंतर सात सुलट आणि दोन टाके एकत्र विणून त्यांचा एक, हे आठ वेळा, शेवटी कडेचा टाका. परतीची ओळ उलट. पुढच्या घटीच्या ओळीत सहा सुलट आणि दोनाचा एक, मग पाच, असं करत सुईवर दहा टाके उरतील. दर घटीच्या ओळीनंतर आठ टाके कमी झालेत ना, तेवढंच मोजा. ६६, ५८, ५० असा उतरता आकडा आला की सगळं बरोबर आहे. घट सुरू करण्याआधी बोथट सुईनं सगळ्या टाक्यांतून शिवायचा रंगीत दोरा ओवून ठेवा. काही चुकलं तर उसवत तिथपर्यंतच जाल, टाके दोऱ्यावर थांबतील. शेवटी लोकर फूटभर ठेवून तोडा, दहा टाक्यांतून ओवून आवळा आणि त्याच लोकरीनं बाजू शिवा. गाठ बाळाच्या डोक्याला टोचते, म्हणून टोक विणीतच दोन दिशांना ओवून जिरवा. गळ्याशी बांधायला लांब गोंडे लावू नका. मोजे कराल तेव्हा जाळीची वीण आणि आतले सैल धागे टाळा, बाळाचं बोट त्यात अडकून आवळतं.

आपल्या भागात धनगरांची मेंढरं एवढी, मग ती लोकर का वापरू नये, असंही काही जण विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ असते. ती घोंगडीसाठी योग्य आहे. मागावर, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी पाऊस आणि वारा अडवते. बाळाच्या कानाला ती लोकर टोचेल. घोंगडीत उभे-आडवे धागे असतात, ती ताणली जात नाही. टोपड्याला लागणारा ताण टाक्यांच्या विणीतच मिळतो. सुती धागा मऊ असतो, पण त्याला स्वतःची लवचिकता नसते, बॉर्डर दोन धुण्यांत सैल पडते. उन्हाळ्यातल्या बाळासाठी सुती विणायचं असेल तर दहा टक्के टाके कमी घ्या.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा, दोरीवर टांगलं की लांबतं. ठेवताना मात्र बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवू नका. तिची वाफ काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक ठरते आणि कावीळ वाढते. कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिक ती खात नाही, तेव्हा तिथं गोळीची गरजही नसते. टोपडं पूर्ण वाळवून सुती कापडात गुंडाळून ठेवलं की पुरे.