काळी फीत आणि पोटदुखीची चिठ्ठी

शुक्रवारी दुपारी शाळेचा मेसेज आला: तुमची मुलगी पाचव्या तासाला गैरहजर. माझ्या पोटात गोळाच आला. संध्याकाळी बाईसाहेब दप्तर टाकून म्हणाल्या, "अगं, वॉकआउट होता. बंदुकांविरुद्ध."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "आपण व्हिसावरची माणसं. कशाला पुढं पुढं करायचं?"

"बाबा, शाळेतल्या मुलांच्या निषेधाच्या हक्काची ती केस आपल्याच गावातली आहे," लेक म्हणाली.

खरंच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या या डिमॉइनमध्ये राहून सहा वर्षं झाली, मला पत्ता नव्हता. डिसेंबर 1965 मध्ये इथल्या काही मुलांनी व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांच्या शोकासाठी दंडाला काळी फीत बांधून शाळेत जायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली आणि त्यांनी आधीच फितीवर बंदी घातली. तरी मुलं गेली. मेरी बेथ टिंकर तेव्हा 13 वर्षांची, आमच्या लेकीसारखीच आठवीत. तिला, तिच्या भावाला आणि त्याच्या एका मित्राला घरी पाठवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1969 मध्ये 7 विरुद्ध 2 असा मुलांच्या बाजूनं निकाल लागला. कोर्ट म्हणालं, शाळेच्या फाटकातून आत शिरताना मुलं आपलं भाषणस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाहीत. गोंधळ होईल अशा नुसत्या धास्तीनं त्यांची तोंडं बंद करता येत नाहीत. (काळ्या फिती लावलेले शिक्षक आणि एसटीवाले मी गावाकडे कितीदा पाहिले. आठवीतलं पोर नाही पाहिलं.)

पण यात एक मेख आहे. फीत बांधून वर्गात बसणं वेगळं आणि तास सोडून बाहेर जाणं वेगळं. तास बुडवला म्हणून इतरांना जी शिक्षा होते, ती शाळा हिलाही देऊ शकते. फक्त निषेध केला म्हणून जास्तीची देता येत नाही.

सोमवारी हजेरीच्या ऑफिसातून फोन आला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, कारण काय लिहू? आजारी? डॉक्टरकडे गेली होती? म्हणजे वाट मोकळी करून देत होत्या. नवरा खुणा करत होता, पोटदुखी, पोटदुखी सांग! शाळेत असताना माझ्या आईनं अशा किती चिठ्ठ्या लिहून दिल्यात, मोजदाद नाही.

लेक समोर पोहे खात होती. मान वर न करता म्हणाली, "पोट दुखत होतं म्हणायचं, तर मग मी गेले कशाला?"

मी बाईंना सांगितलं, निषेधाला गेली होती. पलीकडे जरा वेळ कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "ओके. विनापरवानगी गैरहजर."