आमची वाटचाल : चौकटींपासून दट्ट्यांच्या पेटीपर्यंत

अंबाजोगाईत आमचं सुतारकाम वडिलांच्या काळापासूनचं. दारं, चौकटी, तिफणी, वखर, लग्नसराईत पाट-चौरंग. अवजारं लोखंडी झाली तसं काम आटलं. त्याच सुमारास एका बालवाडीच्या बाईंनी माँटेसरी पद्धतीची (लेकरांनी साधनं हाताळत स्वतः शिकायची) जुनी पेटी आणली; तिच्यातले दोन दट्टे, म्हणजे खाचेत बसणारी मुठीची लहानमोठी लाकडी नळकांडी, हरवले होते. "दादा, तेवढे जुळवून देता का?" तिथून शैक्षणिक साधनं बनवायला सुरुवात झाली.

ही पेटी बनवताना कस लागतो. लाकडी ठोकळ्यात १० खाचा, १० दट्टे, प्रत्येकाची जागा ठरलेली. चुकीचा बसला की शेवटी एखादा उरतोच. लेकरू स्वतःच काढून पुन्हा लावतं, बाईंनी "चुकलं" म्हणायची गरज पडत नाही. दट्ट्याची मूठ तीन बोटांत धरायची, पुढं पेन्सिल धरायची तशीच. म्हणून मूठ घासायला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. लाकूड ओलं राहिलं तर पावसाळ्यात फुगतं, दट्ट्या अडकतो आणि लेकराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. कितीही घाई असली तरी कच्चं लाकूड आम्ही घेत नाही.

ऑर्डर बघून शाळेची पद्धत कळते. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या बालोद्यानाकडं (किंडरगार्टनकडं) कल असलेली शाळा चेंडू, घन, नळकांडी, रचनेचे ठोकळे मागते. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. पुढं सहकारी अनुताई वाघांबरोबर त्यांनी आसपासच्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. त्या वळणाच्या बाई आमच्याकडून फक्त कप्प्यांचे ट्रे नेतात. त्यात चिंचोके, सागरगोटे, ज्वारीच्या धांडांचे तुकडे भरतात. आमची विक्री कमी होते, पण या वर्गांत लेकरं तासन्‌तास रमलेली बघितली आहेत, त्यामुळं ते ट्रे आम्ही आवडीनं करतो.

अडचण पालकांच्या घाईची आहे. शेजारी लातूर पॅटर्न, म्हणजे मार्कांसाठी घोटून अभ्यास करून घ्यायची पद्धत, त्यामुळं तिसऱ्या वर्षीच लेखन हवं असतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला, तरी काही शाळा "ठोकळे राहू द्या, गिरवायच्या पाट्याच द्या" म्हणतात. पाटी आम्ही देतो, पण बोटं तयार नसताना अक्षर लादू नका, हे समोर बसून सांगतो. काही ऐकतात. परळीच्या एका शाळेनं यंदा पाट्या कमी करून धूळपाटीचे (बारीक मातीत बोटानं गिरवायचे) ट्रे मागवलेत, जूनच्या आत द्यायचे आहेत.