नदी रागावली होती

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि आठवल्या त्या मराठीच्या बाई. ऋण सगळ्याच गुरुजनांचं आहे, पण आज लिहीन ते बाईंबद्दलच.

मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा. फेरीने मांडवी ओलांडून रायबंदरच्या धक्क्यावर उतरायचं, मग शाळा. नववीत असताना आषाढातल्या एका सकाळी नदीला एवढं उधाण आलं की फेरी सुटेचना. तासभर उशिरा, निथळत वर्गाच्या दारात उभा राहिलो.

"उशीर का?"

तोंडून निघून गेलं, "बाई, नदी रागावली होती."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. अंग पुसायला स्वतःचा रुमाल दिला आणि माझं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "नदीला राग येतो का? यानं माणसाचा राग तिला दिला. ही चेतनगुणोक्ती."

मग तास त्या नदीवरच चालला. नदी वाघिणीसारखी खवळली, ही उपमा: नदी उपमेय, वाघीण उपमान, खवळणं हा दोघींचा साधारण धर्म आणि 'सारखी' हा जोडणारा शब्द. नदी जणू वाघीणच, ही उत्प्रेक्षा. नदीवाघिणीने धक्क्यावर झेप घेतली, हे रूपक. इथे दोघी एकच झाल्या. ही नदी नव्हेच, वाघीण आहे, ही अपन्हुती. वाघीणही हिच्यापुढे गरीब, हा व्यतिरेक. एकच नदी, पण दर ओळीला पाणी चढत गेलेलं आम्हाला दिसत होतं. "शब्द बघून अलंकार ओळखू नका," बाई म्हणाल्या, "लिहिणाऱ्याला काय दिसलं ते बघा."

आज पंचवीस वर्षं मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर आहे. पावसाळ्यात पुराच्या बातमीला मथळा देताना हात थांबतो: इथे नदी 'कोपली' म्हणायचं, की नुसती पातळी सांगायची? घर वाहून गेलेल्या माणसाला कुठलं वाक्य खरं वाटेल? हा विचार करायला बाईंनी शिकवलं.

माझ्या मुलीला अलंकार चार पर्यायांतून निवडायचे असतात. 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षेवर खूण, संपलं. मार्क पूर्ण मिळतात. मला मात्र वाईट वाटतं.

नववीची ती वही मी जपली आहे. त्या पानाच्या कोपऱ्यात ओल्या बाहीने शाई पसरली आहे. समारंभाला येताना वही घेऊन येणार आहे. बाईंना ते पान दाखवायचं आहे.