तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजातल्या कोचला एवढे पैसे कशाचे?

सुट्टीत घरी गेले की एखाद्या लग्नाच्या पंगतीत, नाहीतर इथे अमेरिकेतल्या मंडळाच्या गणपतीत, कोणीतरी हा विषय काढतंच. "तुमच्याकडे म्हणे फुटबॉलच्या कोचला प्रोफेसरपेक्षा जास्त पगार असतो?" मी हो म्हणते. मग जरा मिश्कील आवाजात पुढचा प्रश्न येतो: "आणि त्याच्या हाताखालच्यांनाही? ते करतात तरी काय?"

मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. खेळाशी माझा संबंध दोनच बाजूंनी आला. पहिल्या वर्षाच्या वर्गात फुटबॉलची पोरं असतात, आणि आमच्या शेजारचं भाड्याचं घर बहुधा कोणातरी साहाय्यक कोचकडे असतं. त्यातले बरेचसे डिफेन्सिव्ह बॅक्सचे, म्हणजे बचावातल्या अगदी मागच्या फळीचे कोच निघाले. त्यामुळे उत्तर देताना मी त्यांच्याबद्दलच बोलते. बाकीच्यांचं मला फारसं कळत नाही.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल. खेळ थोडक्यात सांगते. अंगावर चिलखत चढवून अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेऊन धावता येतं किंवा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, तो पुढे फेकू शकतो. चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. पुढे फेकायला परवानगी मिळाली १९०६ साली. आदल्या हंगामात धसमुसळ्या खेळात मुलं दगावली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांना बोलावून घेतलं आणि त्यानंतर नियम बदलले. मागच्या फळीचं आजचं काम त्या बदलातून आलं. फेकलेला चेंडू झेलायला रिसीव्हर सुसाट पळतात. त्यांना रोखायला दोन टोकांना दोन कॉर्नरबॅक, मागे दोन सेफ्टी, आणि हल्ली बहुतेक वेळ आणखी पाचवा गडी असतो.

यातली मेख अशी की रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे माहीत असतं, कॉर्नरला नसतं. रिसीव्हर सरळ पळतो, कॉर्नर सुरुवातीला उलट्या पावली पळतो. (उलटे पाय म्हटल्यावर आपल्याला हडळच आठवणार, पण इथे त्याचा तासन् तास सराव चालतो.) पाठ न दाखवता मागे पळायचं, समोरचा वळला की कंबर फिरवून त्याच्या बरोबरीने सुटायचं, नजर त्याच्या डोक्यावर नाही तर कमरेवर ठेवायची, कारण डोकं आणि खांदे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. चेंडूकडे वळून कधी बघायचं हाही एक धडा. आपण मागे पडलेलो असताना वळलो तर आणखी मागे पडतो. एकोणीस वर्षांच्या, आजवर केवळ वेगाच्या जोरावर जिंकत आलेल्या मुलाला हे पटवायचं म्हणजे त्याची सगळी सवय मोडायची. आणि नियमाप्रमाणे हंगामात त्याचे आठवड्याचे वीसच तास खेळासाठी घेता येतात.

कॉलेजच्या मैदानाचं गणित मला स्वतःला फार आवडतं. मैदान १६० फूट रुंद. चेंडू कुठून पुन्हा खेळात येणार ते ठरवणाऱ्या आतल्या खुणांच्या दोन ओळी कॉलेजात एकमेकींपासून ४० फुटांवर असतात, तर व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजात चेंडू एका ओळीवर आला की एका हाताला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या हाताला १००. त्या शंभर फुटांत पळणारा कॉर्नर वेगळ्या घडणीचा लागतो, साठ फुटांत धक्काबुक्की करणारा वेगळ्या. कोण कुठे उभा राहणार, सेफ्टी कुठल्या बाजूला झुकणार, हे दर खेळीला बदलतं. व्यावसायिक संघातून कॉलेजात आलेल्या कोचलाही हे नव्याने मांडावं लागतं.

आता पैशांकडे येते. माझ्या धंद्यातली माणसं जे मोजता येतं त्यावर जगतात. या कोचचं उत्तम काम मात्र मोजताच येत नाही. कॉर्नरने रिसीव्हरला नीट जखडलं की क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडू फेकतच नाही. न फेकलेल्या पासची नोंद कुठल्या तक्त्यात होणार? सामन्यानंतरच्या आकड्यांत तो मुलगा जणू खेळलाच नाही असं दिसतं. उलट एकदा चुकला की ऐंशी-नव्वद हजार लोक उभे राहून बघतात, आणि टीव्हीवर तो तुकडा वर्षानुवर्षं फिरतो.

जॉर्जिया विद्यापीठाचे लोक २०१३च्या नोव्हेंबरातला ऑबर्न विद्यापीठाविरुद्धचा सामना अजून विसरलेले नाहीत. वीस गुणांची पिछाडी भरून जॉर्जियाने एका गुणाची आघाडी घेतली होती. ऑबर्नची चौथी खेळी, अजून १८ यार्ड बाकी, म्हणजे शेवटची संधी. चेंडू उंच उडाला. जॉर्जियाच्या दोन सेफ्टींनी एकाच वेळी त्यावर झेप घेतली, चेंडू एकाच्या हाताला लागून उडाला आणि मागून पळणाऱ्या ऑबर्नच्या रिसीव्हरच्या हातात पडला. ७३ यार्डांचा टचडाउन (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार), सामना ४३-३८. चौथ्या खेळीला चेंडू झेलायचाच नसतो, खाली पाडायचा असतो, कारण पाडला तरी ताबा आपल्याकडेच येतो. हे प्रत्येक कोच पहिल्या आठवड्यात शिकवतो. पण हवेतला चेंडू बघून हात पुढे जातातच.

जानेवारी २०१८मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना अलाबामा आणि जॉर्जिया यांच्यात झाला. जादा वेळेत अलाबामा मागे ढकलला गेला होता, दुसरी खेळी आणि २६ यार्ड बाकी. क्वार्टरबॅकने डोळ्यांनी एका बाजूचा सेफ्टी रोखून धरला, तो क्षणभर उशिरा वळला आणि डावीकडून पळणाऱ्या रिसीव्हरला ४१ यार्डांचा पास मिळाला. २६-२३, सामना संपला. त्या रात्री दोन्ही बाजूंचे मुख्य कोच, निक सेबन आणि कर्बी स्मार्ट, स्वतः कधीकाळी मागच्या फळीत खेळलेले आणि पुढे त्याच फळीचे कोच म्हणून घडलेले होते. स्मार्टने तर कितीतरी वर्षं सेबनच्याच हाताखाली काढली. काय चुकलं हे त्याला टीव्हीवर पुन्हा दाखवायची गरज नव्हती. चार वर्षांनी, जानेवारी २०२२मध्ये, हेच दोन संघ पुन्हा भिडले. शेवटच्या मिनिटात जॉर्जियाच्या कॉर्नरने पास मधल्यामध्ये पकडून ७९ यार्ड पळत नेला. १९८० नंतरचं जॉर्जियाचं ते पहिलं अजिंक्यपद.

या फळीतून इतके मुख्य कोच का निघतात, याचं माझं उत्तर साधं आहे. पुढची धिप्पाड मुलं समोरचा एक माणूस बघतात. सेफ्टी सगळ्यांत मागे उभा असतो, त्याला बावीसच्या बावीस दिसतात, आणि चूक झाकायला त्याच्या मागे कोणी नसतं. तिथे वाढलेल्या माणसाला पूर्ण खेळ वाचायची सवयच लागते. हा माझा तर्क आहे, सिद्धता नव्हे. आक्रमणाच्या बाजूने वर आलेले मुख्य कोचही पुष्कळ आहेत.

सेबनचं उदाहरण पुन्हा घेते, कारण या पेशाचा नकाशा त्यात दिसतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींच्या मुलुखात वाढला, वडिलांचा पेट्रोलपंप. केंट स्टेटमध्ये खेळला. कोच व्हायचं त्याच्या मनात नव्हतं. बायकोचं शिक्षण संपायला वर्ष होतं म्हणून १९७३ साली तो ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पुढे शिकता शिकता कोचच्या हाताखाली राबणारा विद्यार्थी, म्हणून थांबला. मग सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट (तिथे दोन हंगामांनी काढून टाकलं), नेव्ही, मिशिगन स्टेट, व्यावसायिक संघ ह्यूस्टन, टोलीडोला एकच वर्ष मुख्य कोच, मग क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघात बिल बेलिचेक या पुढे फार गाजलेल्या मुख्य कोचच्या हाताखाली. मोठं नाव झालं ते त्याही नंतर, लुइझियाना स्टेट आणि अलाबामात. दोन्हींत मिळून सात राष्ट्रीय अजिंक्यपदं. जानेवारी २०२४मध्ये ७२व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तो सरावाला गवती हॅट घालून कॉर्नर्सच्या घोळक्यात उभा असायचा. एवढा मोठा मुख्य कोच, पण उलट्या पावलीचा सराव स्वतः घ्यायचा.

ही गावांची यादी वाचायला मजेची, जगायला नाही. शेजारच्या घरात बघते ना मी. साहाय्यक कोचचा करार बहुधा एक-दोन वर्षांचा. मुख्य कोचला काढलं किंवा तो दुसरीकडे गेला की सगळा ताफा उठतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ साली मुख्य कोच जिम्बो फिशरला काढताना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं पत्करलं. हाताखालच्यांच्या नशिबी असा आकडा येत नाही. हे सगळं घडतं नोव्हेंबर-डिसेंबरात, शाळेचं वर्ष ऐन मध्यावर असताना. नवरा आठवड्याभरात नव्या गावी रुजू होतो, मुलांची शाळा, घर, कुत्रा, सामान हे सगळं बायकोच्या गळ्यात. एका शेजारणीने गॅरेजमधली निम्मी खोकी कधी उघडलीच नाहीत. म्हणाली, पुढच्या गावी उघडीन.

आणि सुरुवातीचे पैसे ऐकलेत तर तुमचा मूळ प्रश्नच पालटेल. ग्रॅज्युएट असिस्टंटला फी माफ आणि वर जेमतेम विद्यावेतन, त्यात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत व्हिडिओचे तुकडे कापायचे. फुटबॉल सोडून बाकीच्या खेळांत तर १९९२पासून एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या नियामक संस्थेने एका वर्गाच्या साहाय्यक कोचचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधूनच टाकला होता. कोच कोर्टात गेले आणि जिंकले. १९९९ साली ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आज बड्या संघात मागच्या फळीच्या नावाजलेल्या कोचला वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास मिळू शकतात, आणि जॉर्जियात स्मार्टचा पगार १.३ कोटींच्या घरात आहे. पैसा येतो टीव्हीवरून. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने २०२२ साली केलेले सात वर्षांचे करार सात अब्ज डॉलरच्या वर होते. सरकारी विद्यापीठांतले पगार जाहीर असतात, शोधलेत तर त्याच यादीत माझंही नाव सापडेल. बरंच खाली.

शिकवणं हे त्यांच्या कामाचं अर्धं अंग. उरलेलं अर्धं म्हणजे मुलं मिळवणं. प्रत्येक कोचकडे एक मुलूख वाटून दिलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी तो कुठल्यातरी हायस्कूलच्या मैदानावर उभा, रविवारी रात्री कोणाच्यातरी आजीशी फोनवर. घरी बोलावलं की पानात पडेल ते खायचं आणि आईला शब्द द्यायचा की मी तुमच्या मुलाकडे बघेन. तो शब्द देणारा स्वतः पुढच्या डिसेंबरात तिथे असेल की नाही, हे त्यालाही ठाऊक नसतं. या एका गोष्टीची मला खरोखर चीड आहे. पूर्वी कोच जायचा आणि मुलगा अडकायचा, दुसऱ्या कॉलेजात गेला तर एक वर्ष बाहेर बसायचा. २०२१पासून एकदा तरी न बसता जायची मुभा मिळाली, त्याच वर्षी जाहिरातीतून पैसे कमवायचीही. आता कोच कुरकुरतात की पोरं निष्ठावान राहिली नाहीत. मी ऐकून घेते.

आणखी एक गोष्ट या फळीबद्दल बोलताना टाळता येत नाही. कॉर्नर आणि सेफ्टी बहुतेक कृष्णवर्णीय असतात, त्यांचे कोचही पुष्कळदा. मुख्य कोचच्या खुर्चीत मात्र मोजकेच पोचतात. टोनी डंजी मिनेसोटा विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. एनएफएलमध्ये त्याला त्या जागेवर कोणी निवडलं नाही आणि पिट्सबर्गने सेफ्टी केलं. त्या काळात कितीतरी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना असंच मागे पाठवलं जाई. १९८० साली तो मिनेसोटातच मागच्या फळीचा कोच झाला आणि २००७ साली सुपर बोल, म्हणजे एनएफएलचं अजिंक्यपद, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. मधल्या काळात मुख्य कोचच्या जागेसाठी त्याला अनेकदा डावललं गेलं.

अलीकडे हा प्रश्न दुसऱ्याच सुरात येतो. इथे जन्मलेली आपली मुलं हायस्कूलात खेळतात, आणि एखादी आई हळूच विचारते, "आमचा म्हणतो मला कोच व्हायचंय. होऊ द्यावं का?" मी सांगते, आधी शिक्षकाची पदवी घेऊ दे. टेक्सस आणि जॉर्जियात हायस्कूलचा कोच दिवसा इतिहास किंवा गणित शिकवतो, संध्याकाळी मैदानावर असतो, आणि वीस-वीस वर्षं एकाच घरात राहू शकतो. कॉलेजात जायचंच असेल तर त्याला शनिवारबद्दल, म्हणजे सामन्याच्या दिवसाबद्दल, विचारू नका, शनिवार सगळ्यांनाच आवडतो. बुधवारी रात्री अकराला तीच बारा सेकंदांची खेळी पुन्हा मागे नेऊन एका मुलाची डाव्या पायाची टाच कधी वळली ते बघायला आवडतं का, ते विचारा. हो म्हणाला तर त्याच्या हायस्कूलच्या कोचशी बोला. पहिल्या नोकऱ्या बहुतेक वेळा अशा ओळखीतूनच मिळतात, आणि त्यात मी काही मदत करू शकत नाही.