कोलारच्या सोन्याच्या खाणी: जुनी पुस्तकं ताडून वाचताना

कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींच्या गावावरची स्थानिक इतिहासाची चार पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, की पहिल्या आठवड्यातच घोळ सुरू होतो. एकाच खाणीचं एकाच वर्षाचं उत्पादन दोन पुस्तकांत दोन आकड्यांनी दिलेलं असतं, आणि दोन्ही लेखकांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. फरक पडतो तो मापात, नावात किंवा वर्ष कुठून कुठे धरलं यात. नाशिकमध्ये बसून ही पुस्तकं जमवताना आणि त्यांची एक टाचणवही तयार करताना जी पद्धत उपयोगी पडली, ती इथे देत आहे.

सुरुवात सरकारी ग्रंथांपासून केली. नाशिककर वाचकाला गॅझेटियरची, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथाची, मांडणी नवी नसते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा नाशिक खंड ज्याने चाळला आहे, त्याला म्हैसूरच्या गॅझेटियरमध्येही वाट सापडते; कोलार तेव्हा म्हैसूर संस्थानात होतं. लुईस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटियरची पहिली आवृत्ती १८७६-७७ ची आणि सुधारित १८९७ ची. या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, १८८० मध्ये, खाणी चालवणारी जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी कोलारला आली. म्हणून कोलार जिल्ह्याचा मजकूर दोन्ही आवृत्त्यांत वाचावा आणि नोंद करताना आवृत्तीचं साल लिहावंच. ‘राइस म्हणतो’ एवढीच नोंद पुढे कुठेच कामाला येत नाही.

दुसरा गठ्ठा कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचा, तिसरा भूगर्भशास्त्राचा. चौथा सर्वांत पातळ पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गावातल्या लोकांनी काढलेल्या पुस्तकांचा: शाळांच्या, चर्चच्या, क्लबांच्या स्मरणिका, निवृत्त कामगारांच्या आठवणी, युनियनच्या पुस्तिका. यातलं बरंचसं तमिळमध्ये आहे, कारण खाणीतला मजूरवर्ग मोठ्या प्रमाणात तमिळ भागातून आलेला. तमिळ वाचता येत नसेल तर आधी फक्त अनुक्रमणिका, फोटोंखालच्या ओळी आणि साल असलेली पानं वाचून घ्यावीत. तेवढ्यावरून कोणतं प्रकरण पूर्ण समजून घ्यायचं ते ठरवता येतं, आणि मदत करणाऱ्याचा वेळही वाया जात नाही.

इंटरनेटवर स्कॅन शोधताना नावांची गंमत आधी समजून घ्यावी लागते. उरगाव किंवा ऊरिगाम हे गाव इंग्रजीत कधी दोन ‘ओ’ जोडून, कधी ‘यू’ने लिहिलेलं आहे, एका रूपाने शोधलं तर दुसऱ्या रूपातली पुस्तकं दिसतच नाहीत. खाणींची नावं तर थेट दिशाभूल करतात. म्हैसूर खाण म्हैसूर शहरात नाही, नंदीदुर्ग खाण नंदीच्या डोंगरावर नाही, आणि बालाघाट खाणीचा मध्य प्रदेशाशी किंवा आपल्या मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराशी काही संबंध नाही. ही लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या कंपन्यांची नावं आहेत आणि म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाव, नंदीदुर्ग या चारही मोठ्या खाणी कोलारच्या एकाच पट्ट्यात आहेत. टाचणवहीच्या पहिल्या पानावर नावांची जुळणी लिहून ठेवली, की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

स्कॅन उतरवून घेतल्यावर लगेच मागची पानं तपासावीत. जुन्या पुस्तकांचे घडीचे नकाशे बहुतेक वेळा घडी न उघडताच स्कॅन केलेले असतात. नकाशाचा एक चतकोर दिसतो आणि शाफ्टची, म्हणजे खाणीत उतरण्याच्या विहिरींची, नावं घडीत जातात. अशा वेळी त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयातून आलेली प्रत शोधावी. छापील प्रत विकत घेत असाल तर विक्रेत्याकडून शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचं पान आणि उघडलेला नकाशा असे चार फोटो आधी मागवावेत. नकाशांची यादी अनुक्रमणिकेजवळ असते, तिच्याशी ताडून पाहावं. यादीत नकाशा आहे आणि प्रतीत नाही, हे फारदा घडतं.

स्कॅनमधून यंत्राने उचललेल्या मजकुरावर आकड्यांच्या बाबतीत विश्वास ठेवू नये. औंसाचं इंग्रजी लघुरूप यंत्र हमखास ‘०२’ असं वाचतं आणि ते मागच्या संख्येला चिकटवतं. ३ चा ८ होतो. तक्त्याच्या तळाशी बेरीज दिलेली असेल तर रकाना स्वतः बेरजेला लावावा. बेरीज चुकली की मूळ पानाचं चित्र उघडावं.

आता मापं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो द्यायलाच हवा. खाणीच्या पुस्तकातला औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅम. किराण्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा, तो धरून गुणाकार केला तर सोनं जवळपास ९ टक्के कमी भरतं. एका ट्रॉय औंसाचे २० पेनीवेट, म्हणजे एक पेनीवेट १.५५५ ग्रॅम. टन हा इंग्रजी लाँग टन, २,२४० पौंडांचा, १,०१६ किलो. ‘टनाला एक औंस’ म्हणजे आजच्या मेट्रिक टनाला ३०.६ ग्रॅम, आणि ‘टनाला १० पेनीवेट’ म्हणजे १५.३ ग्रॅम.

तोळ्यात सांगायचं तर हिशेब सुंदर बसतो. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, जुना तोळा १८० ग्रेनचा. म्हणून ३ औंस बरोबर ८ तोळे. पण हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. नाशिकच्या सराफ बाजारात आज तोळा म्हटलं की १० ग्रॅम समजतात. १,००० औंसांचे जुने तोळे २,६६७ होतात आणि बाजारातले ३,११०. मराठीत लिहिताना कोणता तोळा ते सांगितलं नाही तर वाचक आजचाच धरणार. म्हणून मी टाचणवहीत ग्रॅम-किलोच लिहिते आणि मूळ आकडा शेजारी तसाच ठेवते.

यापुढचा खड्डा शुद्धतेचा. काही तक्ते खाणीत ओतलेल्या लगडीचं वजन देतात, काही शुद्ध सोन्याचं. लगडीत चांदी आणि इतर धातू असतात. १,००० औंसांची लगड ९०० टंचाची, म्हणजे हजारात ९०० भाग सोन्याची, असेल तर शुद्ध सोनं ९०० औंस. तक्त्याच्या डोक्यावर किंवा तळटीपेत ‘फाइन’ (शुद्ध) हा शब्द आहे का, ते पाहायचं. तो नसेल तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि दुसऱ्या तक्त्यात तो मिळवायचा नाही.

एकूण उत्पादन तपासायला एक ढोबळ कसोटी हाताशी ठेवली. सुमारे १२० वर्षांत कोलारहून निघालेलं सोनं साधारण ८०० टन सांगितलं जातं. त्याचे सुमारे २ कोटी ५७ लाख औंस होतात. एखाद्या स्मरणिकेतली बेरीज याच्या कितीतरी पुढे गेली, तर तिथे खनिजाचे टन आणि सोन्याचे औंस एकमेकांत मिसळलेले असतात.

खोलीचंही तसंच. चॅम्पियन रीफ ३ किलोमीटरांहून खोल गेली, पण सोन्याच्या शिरेबरोबर तिरकं उतरत गेलेलं अंतर आणि जमिनीपासूनची उभी खोली या वेगळ्या गोष्टी आहेत. याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण नोंदले गेले. त्या प्रयोगाच्या लेखांत खोली ‘मीटर पाण्याइतकी’ अशी, म्हणजे वरच्या खडकाइतकाच भार किती मीटर पाण्याचा होईल त्या आकड्यात, दिलेली असते. कोलारचा खडक पाण्याच्या सुमारे तिप्पट जड, म्हणून तो आकडाही खऱ्या खोलीच्या तिप्पट. तो नुसता ‘मीटर’ म्हणून उतरवला तर प्रयोगशाळा खाणीच्या तळाच्याही खाली जाते.

सनावळीत तीन जागी थांबावं लागतं. पहिली जागा सुरुवातीची. ब्रिटिश सैन्यातला लेफ्टनंट जॉन वॉरन टिपूच्या पाडावानंतर सीमा मोजायला आला, १८०२ मध्ये त्याने मारीकुप्पमच्या आसपास गावकरी माती धुऊन सोनं काढताना पाहिले. हे वाचून आपल्याला झारेकरी आठवतात, सराफांच्या दुकानातली धूळ धुणारे. खणणं मात्र पुष्कळ पुढचं: मायकेल लॅव्हेल या आयरिश सैनिकाचा अर्ज १८७३ चा, परवाना १८७५ चा. पुस्तकं यातलं कुठलंही एक साल ‘सुरुवात’ म्हणून देतात. लॅव्हेलला परवाना ‘महाराजांनी दिला’ असं लिहिलेलं असेल तर तेही सुधारावं, कारण १८३१ ते १८८१ म्हैसूरचा कारभार ब्रिटिश कमिशनरकडे होता.

दुसरी जागा विजेची. शिवनसमुद्रहून कावेरीची वीज सुमारे १४८ किलोमीटर तारांवरून १९०२ मध्ये खाणींना मिळाली, बंगळूरच्या रस्त्यांवर ती १९०५ मध्ये आली. ही कामगिरी मोठीच आहे. पण ‘देशातली पहिली जलविद्युत’ असं वाचलं तर दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग १८९७ चं आहे, हे समासात लिहावं. तिसरी जागा मालकीची: १९५६ मध्ये म्हैसूर राज्य सरकारने, १९६२ मध्ये केंद्राने खाणी घेतल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड झाली. ‘राष्ट्रीयीकरण’ हा एकच शब्द या तिन्हींसाठी वापरलेला दिसतो. काम २८ फेब्रुवारी २००१ ला थांबलं.

कागदाची काळजी थोडक्यात. नाशिकच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत जुना आम्लयुक्त कागद बुरशी धरतो आणि कसर लागते. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत. झेरॉक्ससाठी पुस्तक उलटं दाबलं की कणा तुटतो. त्यापेक्षा पुस्तक अर्धं उघडून वरून फोटो घ्यावा. ए-४ पान ३०० डीपीआयला २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल होतं, एवढ्यात तळटीपही वाचता येते.

स्मरणिकांचं काम अजून चालू आहे. त्यांत कामगारांच्या चाळींची, म्हणजे ‘लाइन्स’ची नावं सापडतात, कंपन्यांच्या अहवालांत त्या फक्त घरांच्या संख्येपुरत्या येतात. प्रत्येक नाव सापडलं की मी ते उघडलेल्या नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलीने जवळच्या शाफ्टशेजारी लिहिते, आणि पुस्तकाचा पान क्रमांक त्याखाली.