प्लग बसला, ब्रेक लाइट लागेना

ट्रेलरचे लाइट गाडीला जोडायला मागवलेला तो पहिला अ‍ॅडॉप्टर अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत पडून आहे. फेकवत नाही. त्याच्या पायी माझे अकरा दिवस गेले, त्याचा तेवढाच एक पुरावा.

गाडीला टो-बार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा, टोकाला लोखंडी गोळा म्हणजे बॉल) आधीच्या मालकाने बसवून घेतलेला. त्याचं सॉकेट युरोपी पद्धतीचं, गोल, ७ पिनांचं. ट्रेलर जुना, अमेरिकी पद्धतीचा. त्याच्या वायरिंगच्या टोकाला ४ तारांची चपटी पट्टी. ट्रेलर आणणं, टायर बघणं, बॉलवर जोडून बघणं हे सगळं एका दुपारीच उरकलं. राहिले फक्त लाइट. एका टोकाला ७ पिनांचा गोल प्लग, दुसऱ्या टोकाला ४ तारांचं चपटं सॉकेट, असा अ‍ॅडॉप्टर मागवला. दोन्हीकडे कट्‌कन बसला. मला वाटलं, झालं काम.

मागे मुलाला उभं केलं. ‘डावा?’ ‘लागला!’ ‘उजवा?’ ‘लागला!’ ‘मागचे दिवे?’ ‘लागले!’ मग ब्रेक दाबला. मागून काहीच आवाज नाही. ‘अगं दाब ना ब्रेक!’ मी दाबूनच बसले होते.

आता विक्रेत्याच्या मदत-कक्षाची कथा. तिथे जो कुणी बसतो, त्याला एकच प्रश्न येतो: ‘मॅडम, किती पिन आहेत?’ सात. ‘आणि ट्रेलरला?’ चार. ‘मग अ‍ॅडॉप्टर बरोबर आहे, मॅडम.’ बरोबर आहे तर ब्रेक लाइट का लागत नाही? ‘बल्ब गेला असेल.’ दोन्ही बाजूंचे एकदम? ‘होऊ शकतं.’ फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं: कृपया पिनांची संख्या कळवा.

बल्ब काढून पाहिले. या ट्रेलरच्या बल्बात दोन फिलामेंट असतात, एक मंद आणि एक प्रखर. मंद फिलामेंट रात्रीच्या मागच्या दिव्यासाठी. प्रखर फिलामेंट इंडिकेटरसाठी आणि ब्रेकसाठीही, तेच एक. म्हणजे इंडिकेटर लागतोय तर ब्रेकचं फिलामेंट शाबूत आहे, यात शंकाच नको. हे मी मदत-कक्षाला लिहून कळवलं आणि स्वतःवरच खूश झाले. उत्तर आलं: ‘अर्थिंग तपासा.’

अर्थिंगही तपासलं. अर्थ खराब असला की लाइट वेडेवाकडे वागतात: ब्रेक दाबला की सगळे मिणमिणतात, एक इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू उघडझाप करतात. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. बाकी सगळं लख्ख, फक्त ब्रेक बेपत्ता. (अर्थसाठी पांढरी तार थेट ट्रेलरच्या चेसिसला म्हणजे सांगाड्याला, रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर पक्की करा. टो-बारच्या बॉलमधून अर्थ मिळतो या भरवशावर राहू नका, तिथे ग्रीस आणि गंज असतो.)

मग एका जाणकाराने सल्ला दिला की गाडीकडची ब्रेकची लाल तार पिवळीला (डावा इंडिकेटर) आणि हिरवीलाही (उजवा) जोडून टाका, दोन्ही बाजूंना ब्रेक मिळेल. मी जोडली. डावा इंडिकेटर दिला तर ट्रेलरच्या दोन्ही बाजू उघडझाप करायला लागल्या, आणि गाडीचे स्वतःचे ब्रेक लाइटही त्याच ठेक्यावर नाचायला लागले. करंट उलटा फिरून ब्रेकच्या लाइनीत शिरत होता. मुलगा पोट धरून हसत होता. फ्यूज उडाला नाही हे नशीब. डायोड टाकून उलटा करंट अडवता येतो, पण मग ब्रेक दाबलेला असताना त्या बाजूचा दिवा एकसारखा जळत राहतो आणि इंडिकेटर दिसतच नाही.

शेवटी मल्टिमीटर काढला. खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. अ‍ॅडॉप्टर बाजूला ठेवून गाडीच्या सॉकेटमध्ये ६ नंबरच्या, म्हणजे ब्रेकच्या, पिनेवर मोजलं: ब्रेक दाबल्यावर १२ व्होल्ट. गाडी निर्दोष. मग अ‍ॅडॉप्टरचं झाकण उघडलं. ६ नंबरच्या पिनेला तारच नव्हती! तुटलेली नव्हे, मुळात लावलेलीच नव्हती. आणि ती जाणार तरी कुठे?

इथे डोक्यात प्रकाश पडला. युरोपी पद्धतीत पिवळी तार म्हणजे डावा इंडिकेटर, हिरवी म्हणजे उजवा, पांढरी अर्थ आणि ब्रेकला स्वतंत्र लाल. अमेरिकी चार तारांत पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा आणि हिरवी उजवा. रंग जुळतात आणि तिथेच माणूस फसतो. कारण या चार तारांत पिवळी म्हणजे डावा इंडिकेटर अधिक डावा ब्रेक, दोन्ही एकाच तारेत. अ‍ॅडॉप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो. तीन सिग्नलांचे (डावा, उजवा, ब्रेक) दोन करायला कन्व्हर्टर लागतो. त्यात एक छोटं सर्किट असतं: ब्रेक आला की दोन्ही बाजू लावायच्या, पण ज्या बाजूचा इंडिकेटर चालू आहे तिथे इंडिकेटरचं ऐकायचं. पिना मोजण्याऐवजी एवढंच विचारायला हवं होतं: तुमच्या गाडीत ब्रेक आणि इंडिकेटर वेगळ्या तारांवर आहेत का, आणि ट्रेलरमध्ये? अकरा दिवसांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नाही.

कन्व्हर्टरही दोन प्रकारचे मिळतात. साधा कन्व्हर्टर ट्रेलरचे बल्ब गाडीच्याच लाइट-लाइनीवर जाळतो. दुसऱ्याला बॅटरीपासून वेगळी तार ओढायची असते. तो गाडीकडून फक्त इशारा घेतो आणि करंट बॅटरीतून. मी दुसरा घेतला. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे ब्रेक दाबला की ट्रेलरचे दोन बल्ब मिळून साडेतीन. एवढा बोजा गाडीच्या नाजूक ब्रेक-लाइनीवर कशाला टाकायचा? फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ लावा. तार वाटेत कुठे घासून उघडी पडली तर तोच वाचवतो.

बसवायला दीड तास लागला. मुलगा परत मागे उभा. ब्रेक दाबला आणि ‘लागला गं आई!’ ऐकून मी खरंच स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ब्रेक दाबून ठेवूनच डावा इंडिकेटरही देऊन पाहा. उजवा लाल स्थिर आणि डावा उघडझाप, असं दिसलं की जोडणी बरोबर.

राहून गेलं ते सांगते. ट्रेलरला एलईडी असतील तर नव्या गाड्या आणखी छळतात. बल्ब शाबूत आहे का हे बघायला त्या अधूनमधून हलका करंट सोडतात आणि एलईडी तेवढ्यानेही लुकलुकतात. शिवाय एलईडी करंट कमी घेतात म्हणून बल्ब गेल्याची खोटी सूचना येते. त्यासाठी तशा गाड्यांना चालणाराच कन्व्हर्टर मागा. गाडीला १३ पिनांचं सॉकेट असलं तरी घोळ तोच, ब्रेक तिथेही ६ नंबरवर वेगळा. जड ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असू शकते, तिथे १२ व्होल्टची वस्तू लावायची नाही. आणि मागे लाल इंडिकेटर सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत चालतो, युरोपात पिवळाच लागतो. आपल्याकडचा नियम ट्रेलर घेण्याआधीच बघून ठेवा. वळणावर तार ताणली जाऊ नये म्हणून थोडी ढिली सोडा, पण रस्त्याला घासेल इतकी नको.

अ‍ॅडॉप्टर परत घेतला नाही. झाकण उघडलेलं होतं ना. काल मदत-कक्षाचा शेवटचा निरोप आला: तुमची तक्रार सोडवली आहे, पाच पैकी किती तारे द्याल?