खोबरं आणि सोयाबीन

रविवार, रात्र

माय आज विमानानं बंगळूरला गेली, भावाकडं. सामान देताना काउंटरवरच्या मुलीनं मोठ्या बॅगेतल्या खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा म्हणाली. पुढं तपासणीत जवानानं त्या पिशवीतूनही काढल्या. मायचा आतून फोन आला, "अगं, खोबरं कुठंच चालत नाही म्हणायलेत. मग तिनं पिशवीत ठेवा कशाला सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानमालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते धोकादायक गणलं जातं. कारण पटण्यासारखं आहे. मग ते तिकिटासोबत मराठीत का येत नाही? पॉवर बँकेचं उलटं, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. हे सगळं माणसानं घरी पिशवी भरतानाच कळायला हवं. दारात ऐनवेळी कळलं की सत्तरीतली बाई गोंधळून जाते, आणि मागची रांग तिच्याकडं बघत राहते. त्याचाच मला राग आला.

परभणीला पोचून संध्याकाळी ह्यांचं आयकर रिटर्न भरायला बसले. दोन खासगी सॉफ्टवेअर उघडून पाहिली. दोन्हींवर मोठ्या अक्षरात 'मोफत'. पगार, बँकेचं व्याज, सगळं भरून झालं. कोपऱ्यातल्या 'करमुक्त उत्पन्न' ह्या रकान्यात सोयाबीनचे पैसे टाकले, तर लगेच फॉर्म बदलला आणि फी मागितली. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. नियम जुनाच आहे, पण ह्यांच्या शाळेतल्या कितीतरी शिक्षकांना तो ठाऊक नाही. शेतीवर कर नाही ना, मग दाखवायचं कशाला, असंच सगळे धरून चालतात. खरं तर पगाराला दर कोणता लागेल हे काढताना ते उत्पन्न हिशेबात धरतात.

मराठवाड्यात नोकरदाराच्या मागं गावाकडं थोडी तरी जमीन असतेच. इथं विकायचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा पहिला प्रश्न 'शेती आहे का?' हाच हवा. फी घ्यायला माझी हरकत नाही, पण आधी सांगून घ्या.

शेवटी आयकर खात्याच्या पोर्टलवरच भरायचं ठरवलं. तिथं पैसे लागत नाहीत, पगार नि व्याजाचे आकडे आधीच भरून येतात. शेतीचं एकूण उत्पन्न आणि खर्च मात्र वेगळा मागतात. पाच लाखांच्या वर असेल तर जमीन बागायती की कोरडवाहू हेही विचारतात. आमची कोरडवाहू, त्या आकड्याच्या जवळपासही नाही. सोयाबीन विकल्याच्या आडत्याच्या पट्ट्या सापडल्या, बियाण्याच्या नि खताच्या पावत्या गावाकडं दीरांजवळ आहेत. सकाळी त्यांना फोन करते.